नत्र मुळापासून दाण्यापर्यंत : सातारा-सांगलीत नव्याने गहू-सोयाबीन करणाऱ्यांसाठी

नव्याने शेती करणारे बहुतेकजण ओंबी निसवताना युरियाची गोणी घेऊन शेतात उतरतात. आता दाणा भरायचा आहे म्हणजे आताच खाऊ घालायला हवं, असा त्यामागचा विचार असतो. गव्हाचं पीक मात्र दुसऱ्या पद्धतीनं चालतं. पिकलेल्या दाण्यात जे नत्र सापडतं, त्यातलं ६० ते ९५ टक्के फुलोऱ्याआधीच पानांत, खोडात आणि मुळांत साठलेलं असतं. दाणा भरताना पीक ती साठवण मोडतं आणि ओंबीकडे पाठवतं. फुलोऱ्यानंतर मुळांनी जमिनीतून नव्यानं उचललेलं नत्र हा उरलेला, लहान वाटा.

म्हणून कामाचे दोन भाग पडतात. फुलोऱ्यापर्यंत पानांत नत्र भरून घ्यायचं आणि फुलोऱ्यानंतर ते पान स्वतःहून रिकामं होईपर्यंत जपायचं. खालचे टप्पे याच क्रमानं आहेत. भर गव्हावर आहे. सोयाबीनचा हिशेब वेगळा असल्यानं त्याला स्वतंत्र टप्पा दिला आहे.

हाताशी काय हवं

- माती परीक्षण अहवाल, या वर्षीचा किंवा फार तर गेल्या दोन वर्षांतला
- आधार कार्ड (युरिया घेताना दुकानातल्या मशीनवर अंगठा लागतो) आणि खताची पक्की पावती
- पेरणीची तारीख, प्रत्येक पाण्याची तारीख आणि खताचे किलो लिहायला एक वही
- खुरपं, मोजपट्टी, कागदी पिशव्या, घरचा वजनकाटा
- दोन चाड्यांची पाभर किंवा खत आणि बी वेगळं सोडणारं पेरणी यंत्र

१. अहवालातला नत्राचा आकडा आधी समजून घ्या

नमुना पूर्वीचं पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी घ्या. एकरात ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० सेंटीमीटर खोल खड्डा काढा आणि त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीनं खरवडून घ्या. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. झाडाखालची, बांधालगतची, शेणखताच्या ढिगाजवळची आणि पाटाच्या कडेची माती घेऊ नका.

अहवालात हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी उपलब्ध नत्र म्हणजे कमी, २८० ते ५६० मध्यम, त्यापुढे जास्त. बऱ्याच ठिकाणी हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो, सेंद्रिय कर्बावरून काढलेला असतो. त्यामुळे त्याकडे जमिनीच्या ताकदीचा अंदाज म्हणून पाहा. पिकाला या हंगामात हमखास मिळणारं नत्र म्हणून तो धरू नका. सर्वसाधारण पद्धत अशी : कमी असेल तर शिफारशीपेक्षा २५ टक्के जास्त, मध्यम असेल तर शिफारशीइतकं, जास्त असेल तर २५ टक्के कमी.

सामू (पीएच) आणि क्षारता हे दोन आकडे मात्र नीट बघा. मिरज, पलूस, वाळवा भागात कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनींत ऊस आणि पाण्याच्या अतिवापरानं चोपण-खारवट पट्टे झाले आहेत. सामू ८ च्या वर असेल तर टप्पा ३ मधली चूक तिथे फार महाग पडते.

२. गोणीचा हिशेब किलोत करा

बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश ही शिफारस आहे. अडीचनं भागा : एकरी ४८, २४, १६.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. गोणी आता ४५ किलोची आहे, म्हणजे एका गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र. जुन्या ५० किलोच्या सवयीनं "दोन गोण्या" मोजणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं.

पेरणीवेळी एकरी : डीएपी १ गोणी, युरिया ३३ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो. यातून २४ किलो नत्र जातं.
पेरणीनंतर तीन आठवड्यांनी : युरिया ५२ किलो. यातून उरलेलं २४ किलो.

एकूण युरिया ८५ किलो, म्हणजे दोन गोण्याही पुऱ्या लागत नाहीत. युरिया पेरणीत बियाण्याला चिकटून पडू देऊ नका. त्यातून निघणारा अमोनिया कोंब मारतो. खत बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला पडेल अशी चाडी लावा.

नॅनो युरियाबद्दल हमखास विचारलं जातं. ४ टक्के नत्राची ५०० मिलीची बाटली घेतली तर त्यात शुद्ध नत्र २० ग्रॅम भरतं. पिकाला एकरी ४८ किलो लागतं. बाटली फवारायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण किलोच्या हिशेबात तिला २० ग्रॅमच धरा.

३. पहिलं पाणी आणि दुसरा हप्ता : चुकवू नये असा दिवस

पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हाला जमिनीलगत मुकुटमुळे फुटतात. बियाण्यातून आलेली पहिली मुळं थोडी आणि बारीक असतात. पुढे नत्र उचलण्याचं खरं काम मुकुटमुळे करतात. त्या दिवसांत वरचा थर कोरडा असेल तर ती नीट फुटतच नाहीत, फुटवेही कमी राहतात आणि नंतर टाकलेलं खत उचलायला कुणी उरत नाही.

मुळं नत्र मुख्यतः नायट्रेटच्या रूपात घेतात, आणि नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतं. कोरड्या मातीत खत असूनही पीक उपाशी राहतं ते यामुळे.

युरिया जमिनीत पडला की मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याचं अमोनियम करतं. हे होताना युरियाच्या दाण्याभोवतीचा सामू वाढतो. मुळातच सामू ८ च्या वर असलेल्या काळ्या रानात दाणा मातीवर उघडा राहिला तर त्यातलं बरंच नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातं. दाणा मातीत गेला तर अमोनियम चिकणमातीला धरून राहतं आणि जिवाणू एक-दोन आठवड्यांत त्याचं नायट्रेट करतात. म्हणून क्रम असा ठेवा :

- आधी खुरपणी. तण राहिलं तर खत तणालाच मिळतं.
- मग ओळींमधून युरिया, आणि त्याच दिवशी हलकं पाणी.
- पाणी दिल्यावर ओल्या रानात युरिया फेकून तसाच सोडू नका. नत्र उडून जाण्याची ती सर्वात पक्की पद्धत आहे.
- साचलेल्या पाण्यातही टाकू नका. भारी जमिनीत दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की हवा संपते आणि जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. नत्र तिथेही जातं, वासही येत नाही.

उसाचा खोडवा काढून त्या जागी गहू करत असाल तर पाचटाकडे, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याकडे, लक्ष द्या. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी. ते कुजवणारे जिवाणू आपली भूक मातीतल्या नत्रावर भागवतात आणि कोवळा गहू पिवळा पडतो. नत्र जमिनीबाहेर जात नाही, पण काही आठवडे अडकून राहतं, आणि नेमके तेच आठवडे फुटव्यांचे असतात. पाचट आधीच कुजवून घ्या : दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. वेळ नसेल तर पाचट मातीत न मिसळता रानाबाहेर काढा.

४. पान म्हणजे कोठार : ते भरलं का, हे पाहायची रीत

मुळातून आलेलं नायट्रेट पानात पोचलं की नायट्रेट रिडक्टेज हे विकर त्याचं रूप बदलायला सुरुवात करतं. त्यातून अमोनियम होतं, मग ग्लुटामिन, मग इतर अमिनो आम्लं. पानातलं सुमारे तीन चतुर्थांश नत्र हरितलवकांत असतं. त्यातला सर्वात मोठा एकटा साठा म्हणजे रुबिस्को, हवेतला कर्ब पकडणारं प्रथिन. याच कामगाराला पुढे पीक मोडून दाण्याला खाऊ घालतं. पान एकाच वेळी कारखाना आणि कोठार असतं, हे लक्षात ठेवलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप समजतात.

नत्र पिकात फिरतं, म्हणून कमतरता खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूनं पिवळेपणा आत येतो. वरची, कोवळी पानं फिकी आणि खालची हिरवी असतील तर युरियाची गोणी उघडू नका. कोवळी पानं सगळीच फिकट पिवळी असतील तर गंधकाचा संशय घ्या. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा असेल तर लोह. चुनखडीच्या रानात, विशेषतः सोयाबीनवर, हा लोहाचा पिवळेपणा फार दिसतो आणि बहुतेक वेळा त्यावर युरियाच मारला जातो. उपाय ०.५ टक्के फेरस सल्फेटची फवारणी : १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, त्यात थोडं सायट्रिक आम्ल, म्हणजे लोह पंपातच बसून राहत नाही.

गंधक कमी असेल तर नत्र असूनही दाण्यात प्रथिन नीट बनत नाही. काही अमिनो आम्लांना गंधक लागतंच. वर्षानुवर्षे फक्त डीएपी-युरियावर चाललेल्या रानात एका हंगामात डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरा. त्यात सुमारे ११ टक्के गंधक फुकट मिळतं.

पोटरी धरताना सर्वात वरचं मोठं पान, म्हणजे ध्वजपान, गडद हिरवं आणि खालची किमान दोन पानं जिवंत असली तर कोठार बऱ्यापैकी भरलं आहे. पीक काळपट हिरवं, लुसलुशीत आणि दाट असेल तर मात्र नत्र जास्त झालं. असा गहू शेवटच्या पाण्याच्या वेळी वारा आला की लोळतो आणि त्यावर तांबेराही लवकर चढतो.

५. फुलोऱ्यानंतर : पान जपा, पिवळं पडताना घाबरू नका

दाणे भरायला लागले की पानातलं प्रथिन तुटतं, त्याचं ग्लुटामिन आणि इतर अमिनो आम्लं होतात आणि अन्नवाहिनीतून ती ओंबीत जातात. खालचं पान आधी रिकामं होतं, ध्वजपान शेवटी. हा पिवळेपणा रोग नाही. फुलोऱ्याला ३ ते ४ टक्के नत्र असलेलं पान वाळेपर्यंत एक टक्क्याच्या आसपास आलं, म्हणजे त्यानं आपलं काम केलं.

शेवटपर्यंत हिरवं पीक म्हणजे चांगलं पीक ही समजूत किती फसवी आहे, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवलं. रानटी खपली गव्हातून आलेलं एक जनुक शास्त्रज्ञांनी ओळखलं. ते पान वेळेवर पिकवतं आणि नत्र, लोह, जस्त दाण्याकडे पाठवायला लावतं. त्या गटातल्या जनुकांचं काम मंदावलं तेव्हा पीक तीन आठवड्यांहून जास्त हिरवं राहिलं, पण दाण्यातली प्रथिनं, लोह आणि जस्त ३० टक्क्यांहून जास्त घटले. आपल्या कृष्णाकाठी पिकणारी खपली याच रानटी गव्हाची माणसाळलेली लेक आहे.

पाण्याच्या पाळ्या : कांडी धरताना ४० ते ४५ दिवसांनी, फुलोऱ्यात ६० ते ६५, दाणे भरताना ८० ते ८५. शेवटचं पाणी तुटलं किंवा फेब्रुवारीअखेर ऊन चढलं की दाणा भरायचे दिवस कमी होतात. अशा वेळी पिठाचा भाग जास्त मार खातो, नत्राची वाहतूक त्यामानानं तग धरते. म्हणून उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा बारीक, सुरकुतलेला, पण टक्केवारीत प्रथिनं जास्त असा निघतो. तो आकडा बघून खूश होऊ नका, एकरी उतारा घसरलेला असतो. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपा.

फुलोऱ्यानंतर युरियाची फवारणी चालते का? चालते, पण तिचं काम ओळखा. २ टक्के द्रावण, एकरी २०० लिटर, म्हणजे ४ किलो युरिया, म्हणजे जेमतेम १.८ किलो नत्र. उतारा यानं वाढत नाही, दाण्यातलं प्रथिन थोडं वाढू शकतं. बन्सी-खपलीत दाण्यावर पांढरट पिठूळ डाग येतात, ते बहुतेकदा नत्र कमी पडल्याची खूण असतात. ज्या रानात ते दरवर्षी येतात तिथे ही फवारणी करण्यात अर्थ आहे. भर उन्हात फवारू नका, पानांची टोकं करपतात. संध्याकाळ धरा.

वाणाचाही वाटा मोठा आहे. आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस ६४७८ या वाणात सुमारे १४ टक्के प्रथिनं नोंदलेली आहेत. कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपला तो घेतलाही गेला आहे. चांगल्या वाणालाही पानात साठा लागतोच.

६. सोयाबीनचा वेगळा हिशेब

दहा क्विंटल सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं, म्हणजे साधारण ६० किलो नत्र. युरियाच्या जवळजवळ तीन गोण्या. इतकं नत्र ओतायचं नसतं, पीक निम्म्याच्या आसपास किंवा जास्त हवेतून, मुळांवरच्या जिवाणूंच्या गाठींमार्फत घेतं. शिफारस हेक्टरी ५०:७५:४५ किलो नत्र, स्फुरद, पालाश. एकरी ४३ किलो युरिया, १८७ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३० किलो म्युरेट, सगळं पेरणीला किंवा टोकणीला. वरून युरिया टाकू नका. जमिनीत नायट्रेट मुबलक असलं की झाड गाठी धरायचं टाळतं.

- बीजप्रक्रियेचा क्रम : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंचं संवर्धन. संवर्धन सोयाबीनचंच हवं, हरभऱ्याचं किंवा भुईमुगाचं चालत नाही. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.
- ३५ ते ४० दिवसांनी पाच झाडं खुरप्यानं मातीसकट उकरा. उपटलीत तर गाठी जमिनीतच राहतात. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, पांढरी असेल तर अजून सुरू झालेलं नाही, हिरवट-करडी असेल तर संपलेलं आहे.
- कराड, वाळवा, शिराळ्याकडे जुलै-ऑगस्टच्या झडीत पाणी तुंबलं की गाठींना हवा मिळत नाही आणि रान पिवळं पडतं. त्यावर औषध म्हणजे चर काढून पाणी बाहेर. पेरतानाच रुंद वरंबा-सरी केली असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

शेंगा भरायला लागल्या की गाठी मंदावतात आणि दाण्याची मागणी मात्र टोकाला पोचते. १९७५ साली सिंक्लेअर आणि डी विट यांनी हिशेब मांडून दाखवलं की सोयाबीनसारख्या पिकाला दाणा भरताना स्वतःची पानं मोडण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून त्या तीन-चार आठवड्यांत पान गमावणं सर्वात महाग. तांबेऱ्यानं किंवा अळीनं पान अकाली गेलं की त्यातलं न पोचलेलं नत्रही गेलं. कृष्णाकाठी तांबेरा दरवर्षीचा पाहुणा आहे, तेव्हा त्याला तोंड देणारे कसबे डिग्रज केंद्राचे वाण, उदाहरणार्थ केडीएस ७२६ म्हणजे फुले संगम, आधी विचारात घ्या. शेंगा भरताना पावसाचा खंड पडला आणि विहिरीला पाणी असलं तर एक पाणी द्याच.

सोयाबीनचा बेवड गव्हाला चांगला, हे खरं. पण झाडातलं बहुतेक नत्र दाण्याबरोबर बाजारात जातं. रानात राहतात मुळं आणि गळलेला पाला. त्या भरवशावर गव्हाचा पहिला हप्ता निम्मा करू नका.

७. कोरडवाहू शाळू : एकच हप्ता

माण, खटाव, जत, आटपाडीकडे शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, साठलेल्या ओलीवर येतो. वरचा थर वाळला की तिथलं खत मुळांना मिळत नाही. सगळं नत्र पेरणीबरोबर, दोन चाड्यांच्या पाभरीनं, ओलीत. इथे पान शेवटपर्यंत पूर्ण रिकामं झालं नाही तरी तोटा नाही, कडब्यात राहिलेलं नत्र जनावरांच्या पोटात जातं.

८. स्वतःच्या रानात मोजून पाहा

ओळींतलं अंतर २२.५ सेंटीमीटर असेल तर ४.४५ मीटर ओळ म्हणजे एक चौरस मीटर. फुलोऱ्यात तीन ठिकाणी तेवढी ओळ जमिनीलगत कापा. काढणीला शेजारची तेवढीच ओळ कापा, गळलेली वाळकी पानंही गोळा करा. नमुने कागदी पिशवीत भरा, प्लास्टिकमध्ये ते घामेजून कुजतात. प्रयोगशाळेत ६५ ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून नत्राची टक्केवारी काढून घ्या. दाणा आणि काड वेगळं तपासायला सांगा.

आकडेमोड कशी करायची, हे समजण्यासाठी एक मांडणी :

- फुलोऱ्यात : ७०० ग्रॅम वाळकं वजन, १.६ टक्के नत्र = ११.२ ग्रॅम
- काढणीला काड आणि भूस : ६०० ग्रॅम, ०.५ टक्के = ३ ग्रॅम
- दाणा : ४५० ग्रॅम, २.२ टक्के = ९.९ ग्रॅम

पाना-खोडातून निघालेलं नत्र ११.२ वजा ३, म्हणजे ८.२ ग्रॅम. दाण्यातल्या ९.९ पैकी ८.२, म्हणजे ८३ टक्के साठवणीतून आलं. उरलेलं १.७ ग्रॅम फुलोऱ्यानंतर जमिनीतून. दाण्यातलं नत्र गुणिले ५.७ केलं की प्रथिनं मिळतात, इथे १२.५ टक्के. चौरस मीटरचे ग्रॅम चारनं गुणले की एकरी किलो. मुळांतलं नत्र यात धरलेलं नाही, त्यामुळे हा अंदाज समजा.

फुलोऱ्याचाच आकडा लहान निघाला तर चूक टप्पा ३ मध्ये, म्हणजे खत आणि पहिल्या पाण्याच्या वेळेत शोधा. फुलोऱ्याचा चांगला, पण काडातला टक्का १ च्या आसपास उरला असेल तर नत्र पानात असूनही दाण्यात पोचलं नाही. तेव्हा लोळणं, तांबेरा, तुटलेलं शेवटचं पाणी किंवा उशिरा टाकलेला युरिया यांपैकी काय झालं, ते वहीतल्या तारखांवरून तपासा. सोयाबीनला ही पद्धत अशीच लावू नका. त्याचा पाला काढणीआधीच गळतो, तो जाळी लावून रोज गोळा केला नाही तर हिशेब जुळत नाही.

वरच्या मांडणीतलं काडातलं ३ ग्रॅम नत्र एकरी १२ किलो भरतं. काड पेटवलं तर ते जवळजवळ सगळं धुरात जातं. गुरांना घाला किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाका. रानातच गाडणार असाल तर पेरणीआधी दोन महिने आणि ओल असताना गाडा.